डिकीत स्पीकरांचा पेटारा बसला त्याची हकीकत

॥ श्री ॥

श्रीगजवदन, कुलस्वामिनी आणि चारी चाकांत वास करणारी जी कोणी देवता असेल ती, ऐसे सर्व प्रसन्न असोत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ते वर्षी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. संवत्सराचे नाव आम्ही ठेविले नाही, पंचांगातच तसे आहे. परंतु लिहिताना आम्हीही क्रोधातच आहो, हे वाचणाराने ध्यानी घ्यावे. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. सिंहासनी श्रीमंत राजे विद्याधरराव, सकाळी कचेरीत जाऊन सायंकाळी परत येणारे. आणि पट्टराणी वैजयंतीबाईसाहेब, ज्यांच्या हातच्या स्वयंपाकावर ते राज्य उभे आहे. आम्ही समोरच्या खोलीत एकटे राहणारे, दोन्ही वेळचा डबा राणीसाहेबांकडून घेणारे, सबब त्यांचे अन्न आमच्या अंगी आहे. म्हणून खोटे लिहवत नाही, आणि गोड लिहावे तर तेही आज जमत नाही.

राणीसाहेब बारशाची, डोहाळजेवणाची, साठीशांतीची जेवणे घरी रांधून लोकांकडे पोहोचवीत. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, ही त्यांची ख्याती. परंतु जेवण न्यावयाचे ते रिक्षाने, आणि रिक्षावाले पातेली पाहताच तोंड फिरवीत, आणि एकदा खड्ड्यात चाक आदळून आमटी सीटवर सांडली तेव्हा रिक्षावाल्याने "मावशी, हे आता पुसायचं कुणी?" ऐसे भर चौकात विचारिले, आणि राणीसाहेब पदराने सीट पुसत्या जाहल्या. ते दिवशी त्यांनी मनाशी ठरविले की आपली गाडी घ्यावी, लहान असो, स्वस्त असो, परंतु डिकीत पातेली बसावी. मग पोळ्या लाटून जे साठविले होते ते सर्व बाहेर काढिले आणि राजांस म्हणाल्या, "गाडी घेऊ या." राजे तत्काळ उठून उभे राहिले. इतक्या तत्परतेने ते गॅस संपल्यावरही कधी उठले नव्हते.

मग स्वारी शोरूमास निघाली. राणीसाहेबांनी संगे सर्वांत मोठे पातेले घेतले. ऐसे कोणी करीत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्यास आमटी न्यावयाची त्याने डिकी डोळ्यांनी मोजून कैसे भागेल? शोरूमातील टायवाला तरुण इंजिनाचे गुण गाऊ लागला, मायलेज सांगू लागला, आणि राणीसाहेब एकेका गाडीची डिकी उघडवून त्यात पातेले ठेवीत, झाकण लावून पाहात, आणि "हिच्यात तिरकं बसतंय, ही नको" ऐसे म्हणून पुढे जात. राजे लाजेने काळवंडून भिंतीवरील पंख्याकडे पाहात राहिले. हळूच म्हणाले, "अगं, लोक हसतायत." राणीसाहेब म्हणाल्या, "हसू द्या. त्यांना कुठे आमटी न्यायचीय." अखेर एका लहान पांढऱ्या गाडीत पातेले सरळ बसले, शेजारी भाताचे बसले, वर पोळ्यांचे डबेही राहिले, आणि राणीसाहेबांच्या मुखावर जो आनंद आला तो आम्ही त्यांच्या तोंडून पुढे अनेक वेळा ऐकिला. तीच गाडी ठरली. मग मॉडेल कोणते, ही मसलत पडली. राजांनी सर्वांत खालचे पसंत केले, ज्यात मागील काचा हाताने फिरवाव्या लागतात आणि गाण्याच्या यंत्राचे जागी नुसते काळे झाकण असते. राजांचा सिद्धांत ऐसा की कंपनीचा सेट घेणे हा मूर्खपणा, बाहेरून बसवून घ्यावा, स्वस्तात मस्त होतो. राणीसाहेब म्हणाल्या, "मला गाणं नको, डिकी पाहिजे." राजांनी मान डोलाविली. राजांची मान डोलली म्हणजे राजांनी ऐकिले, ऐसे समजणे हेच या राज्यातील सर्व अनर्थांचे मूळ आहे.

आश्विन शुद्ध दशमीस गाडी दाराशी आली. हार घातला, चाकाखाली लिंबे ठेविली, पेढे वाटले, सर्व यथासांग जाहले. राणीसाहेबांस गाडी हाकता येत नव्हती, ती विद्या एकट्या राजांस अवगत. सबब राजे हेच सारथी, आणि सारथ्याचे हाती गाडी गेली की ती कोणाची राहाते हे आम्ही सांगावयास नको. दोन-तीन जेवणे डिकीतून सुखरूप पोहोचली आणि थेंब सांडला नाही. मग दिवाळी आली, आणि भाऊबीजेस राणीसाहेब माहेरी गेल्या, आणि इकडे राजांनी मोहीम काढिली. बाजारात ढवण उस्ताद म्हणून गाड्यांत गाणी बसविणारा एक असामी आहे. त्याचे दुकानी राजे नुसता साधा सेट पाहावयास गेले. उस्तादाने खुर्ची दिली, चहा मागविला, आणि एक बटण दाबिले. दुकानाचे शटर थरथरले. आजवर राजांच्या कोणत्याही शब्दाने कचेरीत पानसुद्धा हललेले नव्हते, आणि इथे एका बोटाने शटर हालते, हे पाहून राजे वेडे जाहले. मग दारांत स्पीकर बसले, मागे स्पीकर बसले, आणि तेवढ्याने छातीत धक्का बसत नाही म्हणून दोन थोरल्या भोंग्यांचा एक पेटारा, काळ्या गालिच्याने मढविलेला, डिकीत स्क्रूने आवळून बसविला, आणि त्याचे शेजारी अँप्लिफायर. डिकी भरली. तीत आता पोळपाटही राहिना. उस्ताद जाताना इतके बोलला, "साहेब, इंजिन बंद ठेवून वाजवू नका हं, बॅटरी बसेल." राजांनी मान डोलाविली.

राणीसाहेब परतल्या. राजांनी त्यांस पार्किंगात नेले, डोळे मिटावयास लाविले आणि डिकी उघडली. राणीसाहेबांनी डोळे उघडले आणि पेटारा हाताने हालवून पाहिला, तो हालेना. मग म्हणाल्या, "आणि माझी पातेली?" राजे म्हणाले, "मागच्या सीटवर ठेव ना. सीट असते कशाला? तू आधी आवाज तर ऐक." या मनुष्यास त्या क्षणी कोणी चार शब्द सुनवावयास हवे होते. कोणी सुनविले नाहीत, आम्हीही नाहीत, कारण आम्ही जिन्यात उभे होतो आणि दुसऱ्याच्या संसारात पडू नये ऐसे आम्हांस वाटले. राणीसाहेबांनी तीन वेळा पेटारा काढावयास सांगितले, आणि तीनही वेळा राजांनी "पुढच्या रविवारी" ऐसे उत्तर केले.

मार्गशीर्षात मोठी जोखीम आली. गावात कामेरकर म्हणून घराणे आहे, त्यांचे मुंजी-वाढदिवसांचे सभागृह आहे, आणि तेथील जेवणे कोणास द्यावी हे थोरल्या कामेरकरबाई स्वतः ठरवितात. त्यांस नातू जाहला. बारशाचे जेवण राणीसाहेबांस सांगितले, आणि वर म्हणाल्या, "हे नीट पार पडलं ना वैजयंतीबाई, तर सभागृहाचं कायमचं तुमच्याकडेच देईन." राणीसाहेब त्या दिवशी आमच्या डब्यात शिरा घालित्या जाहल्या. कायमचे काम आले म्हणजे हाताखाली दोघी बायका ठेविता येतील, घरची शेगडी सोडून वेगळी जागा घेता येईल, ऐसे त्यांनी आम्हांस दारात उभे राहून सांगितले. त्या इतके कधी बोलत नसत.

तो दिवस रविवार. राणीसाहेब पहाटेपासून पुरणात हात घालून बसल्या होत्या. राजांस एकच काम होते, गाडी तयार ठेवणे. राजे खाली उतरले, आणि पार्किंगात आळीतील मंडळी पेपर वाचीत उभी होती, आणि कोणी म्हणाले, "काय विद्याधरराव, ऐकवा की तुमचा सेट." झाले. राजांनी दारे उघडिली, डिकी उघडिली, इंजिन बंद, आणि दरबार भरविला. मंडळी वाहवा करिती जाहली, राजे एकामागून एक गाणे लाविते जाहले, आणि वर राणीसाहेबांच्या ओट्यावरील वाट्या त्या धक्क्याने किणकिणत होत्या, आणि राणीसाहेब आम्हांस म्हणाल्या, "गाडीत आहेत म्हणजे निघायच्या तयारीत आहेत." बिचारीने त्या आवाजातही भरवसा शोधिला. मग आम्ही स्वतः आमटीच्या पातेल्याचा एक कान धरून तीन मजले उतरलो, पातेली मागील सीटवर ठेविली, राणीसाहेब मधे बसून दोन्ही झाकणांवर हात ठेवित्या जाहल्या, आणि राजांनी किल्ली फिरविली. गाडी टक् म्हणाली. पुन्हा फिरविली, पुन्हा टक्. वाहवा करणारी मंडळी एकेक करून जेवावयास गेली. आम्ही मागून गाडी ढकलिली, आमटी हिंदकळली, राणीसाहेब ओरडल्या, सबब थांबलो. राजे बॉनेट उघडून आत पाहात उभे राहिले, जणू तिथे कोणी बसले असून राजांस ओळख देईल. रविवार म्हणून रिक्षा नाही, आली ती पातेली पाहून गेली. अखेर पाण्याच्या टँकरवाल्यास दया आली, त्याने आपले बॅटरीस तारा जोडून गाडी सुरू करून दिली. तोवर बारशाच्या पंगतीची वेळ टळून गेली होती.

आणि आता जे लिहितो ते लिहिताना दात खावेसे वाटतात. गाडी सुरू होताच सेटही आपोआप सुरू जाहला, आणि राजांनी तो बंद केला नाही. राणीसाहेब मागून म्हणाल्या, "बंद करा ते." राजे म्हणाले, "आता इंजिन चालू आहे, आता काही होत नाही." सर्व रस्ता पाठीमागे पेटारा धडधडत होता, झाकणे थडथडत होती, आमटी काठावरून निसटून राणीसाहेबांच्या नव्या साडीवर उतरत होती, आणि आम्ही पुढील सीटवर पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. हात पुढे करून बटण फिरवावे इतके आम्हांसही सुचले नाही. कामेरकरांचे दारी स्वारी ऐशी वाजत दाखल जाहली. बाळ पाळण्यात नुकते निजले होते, ते दचकून किंचाळत उठले. आतून कामेरकरबाई आल्या. पंगत बसलेली होती, हॉटेलातून आणविलेल्या जेवणावर. त्यांनी राणीसाहेबांची साडी पाहिली, पातेली पाहिली, मग गाडीकडे पाहिले, आणि आवाज न चढविता म्हणाल्या, "तुमच्या हाताला चव आहे, ते मला माहीत आहे. पण पाहुणे उपाशी बसवून मी काय वाढणार होते? आणि हे गाणं काय लावलंय दारात?" राणीसाहेब म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यांचे चुकले! राजे गाडीत बसून होते. कामेरकरबाई म्हणाल्या, "सभागृहाचं मग मी दुसरीकडे बोलते. राग मानू नका."

परत येताना राजे म्हणाले, "मी काय मुद्दाम केलं का?" मुद्दाम केले असते तर एकवेळ समजते, की या मनुष्यास बायकोच्या कामाचे इतके तरी भान आहे की ते मोडावयास जावे. ते भानही नाही. रात्री आम्हांसही तेथेच जेवावयास बसविले, तेच बारशाचे जेवण ताटात आले, आणि राजांनी पोळीवर पोळी घेतली, वाटी तोंडास लाविली आणि म्हणाले, "आमटी मात्र झकास झालीय." राणीसाहेबांनी वाढावयाचा डाव खाली ठेविला. आम्ही आमचे ताट उचलून आमच्या खोलीत आलो, कारण तिथे बसून तो घास गिळणे आमच्याने जाहले नाही.

दुसरे दिवशी राजे कचेरीत गेले असता राणीसाहेबांनी पेचकस घेतला, डिकीत शिरून एकेक स्क्रू काढिला, आणि पेटारा अँप्लिफायरासकट वर आणून राजांच्या पलंगाशेजारी उभा केला. त्याच दुपारी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. राजांनी विचारिले, "तुला कशाला? मी आहे ना." राणीसाहेब म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणूनच." चैत्रापावेतो लायसन हाती आले. किल्ली त्यांच्या कमरेस गेली आणि राजे बसने कचेरीस जाऊ लागले. लहान-सहान कामे पुन्हा आली, साठीशांत, केळवण, कोणाचे डोहाळजेवण. एकदा बसवाल्यांचा संप जाहला, तेव्हा राणीसाहेबांनी राजांस वाटेत सोडावयाचे कबूल केले, आणि आम्हीही वाढावयास मदत म्हणून मागे बसलो. डिकीत आमटी. गाडी हळूहळू चालली, खड्डा आला की जवळजवळ थांबे. पुढे गाण्याचा सेट तसाच होता, राणीसाहेबांनी त्यास हात लाविला नव्हता. राजांस शांतता सोसवेना. बोट सेटाकडे नेऊन म्हणाले, "काहीच ऐकत नाहीस का गं तू?"

राणीसाहेब समोर पाहून म्हणाल्या, "ऐकते ना. आमटी हिंदकळते का, ते ऐकते. जरा गप्प बसा."

राजांनी हात मागे घेतला. सभागृहाची जेवणे अद्याप दुसऱ्याच बाईकडे आहेत, ती परत आली नाहीत. पेटारा पलंगाशेजारी उभा आहे, त्यास तारही नाही. राजे कोणी पाहुणा आला की अजून सांगतात, आवाज काय होता म्हणून. आमचा राग होता तैसाच आहे. येणेप्रमाणे जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकिले ते लिहिले, कमीजास्त केले नाही.