समजा, सर्व्हर गेला

आमच्या कंपनीत कुणी नवीन रुजू झालं की म्हात्रे त्याचं स्वागत एकाच वाक्यानं करतात. "समजा, आत्ता सर्व्हर गेला."

माणूस गोंधळून हसतो. म्हात्रे हसत नाहीत. "हसू नका. गेला. पुढं काय?"

तळोज्याच्या या केमिकल कारखान्यात म्हात्रे कॉम्प्युटर सांभाळतात, मी डिस्पॅच. म्हात्रे धिप्पाड, भरघोस मिशांचे, जुईनगरच्या जुन्या गावातले. पण एसीनं जरा वेगळा आवाज काढला की पांढरेफटक पडतात. सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी दार हुंगतात, जळका वास येतोय का म्हणून. एकदा साहेबांनी तिथं गणपतीच्या फोटोपुढं उदबत्ती लावली, तर प्रसाद वाटायच्या आत हे वाळूची बादली घेऊन हजर.

सर्व्हरची रोजची प्रत त्याच्या शेजारच्या कपाटात, आणि दुसरी वाशीच्या हेड ऑफिसात. नुसत्या फायलींची नव्हे, अख्ख्या सर्व्हरची. "फायली वाचल्या नि मशीनच जळाली, तर फायली काय चाटायच्या?" म्हणून अधूनमधून शनिवारी ते एक कोरी मशीन घेत, आत काहीच नसलेली, आणि तिच्यावर सगळं पहिल्यापासून उभं करून बघत. ते याला 'बेअर-मेटल' म्हणत. आम्ही 'म्हात्र्यांचं श्राद्ध' म्हणायचो, कारण तोंड तेवढंच गंभीर असायचं.

एका दुपारी मी जेवण उरकून बसले होते, तर म्हात्रे दारात उभे. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"मॅडम, गेला."

मला वाटलं, नेहमीचंच. म्हटलं, "समजा गेला. मग?"

"समजा नाय. गेला."

वरचा पाइप फुटून पाणी थेट सर्व्हरवर पडलं होतं. कपाटातली प्रतही भिजली होती.

आमच्या टाक्यांवर फक्त नंबर असतात. कुठल्या टाकीत आज काय आहे, आधी काय होतं, धुतली की नाही, सगळं सर्व्हरवर. आणि त्याच वेळी दोन माणसं चार नंबरच्या टाकीत सफाईला उतरायला तयार होती. कमरेला पट्टे बांधून झाले होते. शिफ्टचे देशपांडे म्हणाले, "चारमध्ये पाणीच होतं, मला पक्कं आठवतंय. उतरवतो त्यांना."

"कोन उतरनार नाय!"

म्हात्र्यांना ओरडताना मी तोवर ऐकलं नव्हतं. देशपांडे मागं सरकले.

वाशीहून ड्रायव्हर दुसऱ्या प्रतीची डिस्क घेऊन निघाला. माझी खोली कोरडी, म्हणून कोरी मशीन माझ्याच टेबलावर आली. म्हात्रे एकच वायर दोनदा भलत्याच जागी खुपसायला गेले, तेव्हा ती मीच लावली. काचेपलीकडे ती दोन माणसं पट्ट्यांसकट बसून आमच्याकडे बघत होती. खिडकीतून टाक्या दिसत होत्या. रोज बघते मी त्या, पण त्या दिवशी एकीच्याही पोटात काय आहे ते मला सांगता आलं नसतं.

डिस्क आली, लावली. स्क्रीनवर अक्षरं उमटली: डिस्क सापडली नाही.

"आता?" देशपांड्यांचा आवाज चिरकला.

म्हात्रे पुटपुटले, "मागच्या शनिवारी पन हेच झालं व्हतं." तेव्हापासून खिशात बाळगलेला, मशीनला डिस्क ओळखायला लावणारा पेनड्राइव्ह काढला, खोचला, काहीतरी टाइप केलं. स्क्रीनवरची निळी पट्टी हलली. मग ती रेंगाळत, थांबत, पुन्हा सरकत राहिली. चहा आला, तसाच निवला. मध्ये एकदा पट्टी इतका वेळ अडली की मी देवाचं नाव घेतलं.

शेवटी आमचा तो नेहमीचा ओबडधोबड स्क्रीन उघडला. टाकी चार: रिकामी. आधी: पाणी.

"मी म्हणत होतो ना!" देशपांडे.

"हो. बरोबर व्हतं तुमचं," म्हात्रे म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. बराच वेळ उठलेच नाहीत.

त्या अवस्थेत त्यांना स्कूटर चालवू देणं शक्य नव्हतं. मी माझ्या गाडीनं त्यांना जुईनगरला सोडलं. घराच्या ओट्यावर एक म्हातारेसे गृहस्थ बसले होते. पावलांची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली, पण नजर भलतीकडेच.

"गजा, आज उशीर?"

"कामात व्हतो, दादा. आमच्या मॅडम पन आल्यात."

चहासाठी मला आत नेताना म्हात्रे हळूच म्हणाले, "माझा मोठा भाऊ. टाकीत उतरला व्हता, दुसऱ्या कारखान्यात. रिकामी हाय म्हनाले व्हते. जीव वाचला, डोळे गेले."

मी चहा घेत होते तेव्हा त्यांनी दादाला आत आणून ताट वाढलं आणि शेजारी मांडी घालून बसले. जाड बोटांनी मासा सोडवायला लागले. एकेक काटा काढून बाजूला ठेवायचा, उरलेला तुकडा पुन्हा दाबून बघायचा.

"समोर भात हाय, दादा. उजव्या हाताला मासा. काटा नाय."

दादानं न चाचपता घास उचलला आणि तोंडात घातला.