टोकी माशाविषयी शेवटचा निबंध

डॉ. शालन गवाणकर टोकी माशाविषयी जे छापून आणत, तेच टोकी मासे पुढे करू लागत.

टोकी हा बोटभर लांबीचा मासा. तो कुंभारणी नदीच्या एकाच डोहात मिळतो आणि त्याच्यावर काम करणाऱ्या शालनबाई एकट्याच होत्या. त्यांच्या पहिल्याच निबंधात छापखान्याकडून चूक झाली. माशाच्या अंगावर चार पट्टे असतात, तिथे तीन छापलं गेलं. संशोधन नियतकालिकाचा तो अंक निघाल्यावर बाई डोहावर गेल्या, तर सगळ्या टोक्यांना तीनच पट्टे होते. त्यांनी शुद्धिपत्र पाठवलं. ते छापून येईपर्यंत मासे तीन पट्ट्यांवर राहिले आणि पुढचा अंक बाहेर पडल्यावर चौथा पट्टा परत आला. निबंध नुसता स्वीकारला गेला तर काही होत नसे. छापून यावा लागे.

बाईंनी याचा कधी गैरफायदा घेतला नाही. दिसेल तेच त्या लिहीत. पण एखाद्या दुपारी मासा कपारीत विसावलेला दिसला आणि तसं छापून आलं, की मग तो रोज दुपारी कपारीतच विसावे. वर्षानुवर्षं हे चाललं. टोकीचं खाणं, भांडणं, अंडी घालणं, सगळं छापून झालं. मासे त्यात जराही इकडचं तिकडे करत नसत.

त्यामुळे बाईंच्या कामाचा कुणी उल्लेख करेना. सुरुवातीला काही संशोधक येत, सगळं निबंधाप्रमाणे आहे याची खात्री करून घेत आणि जेवून परत जात. शंका घ्यायला जागा नव्हती, म्हणून वाद झाला नाही, आणि वाद नसेल तर संशोधक एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. बाई रविवारी डोहाकाठच्या कातळावर बसत. पाण्यात त्यांना स्वतःचीच वाक्यं दिसत.

त्यांच्या हाताखाली रेहाना काझी ही एकच मुलगी पीएच.डी. करत होती. एका सकाळी ती प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली.

"मॅडम, प्रबंध परत आला."

"काय म्हणतात?"

"नवीन काही नाही म्हणतात. आणि खरंच नाहीये. तुम्ही लिहिलंय तेवढंच मला दिसलं."

"एखादा मासा तरी वेगळा वागला असेल."

"एकही नाही, मॅडम." रेहाना थोडी घुटमळली. "मी खेकड्यांकडे जावं म्हणते. तुम्ही रागावणार नाही ना?"

"खेकडे चांगले असतात," बाई म्हणाल्या.

रेहाना गेल्यावर प्रयोगशाळेत बोलायला कुणी उरलं नाही. बाईंनी पावसाळा तसाच काढला आणि मग शेवटचा निबंध लिहिला. तो अर्ध्या पानाचा होता. टोकी काय खातो, कधी विसावतो, अंडी कुठे घालतो आणि त्याला पट्टे किती, याविषयीची आपली सर्व विधानं त्यांनी त्यात मागे घेतली होती.

संपादक दिघे यांचा फोन आला. "डॉक्टर, यात निष्कर्ष नाही."

"शेवटची ओळ बघा."

"शेवटी 'मला माहीत नाही' असं आहे."

"तोच निष्कर्ष."

"असं आम्ही छापत नाही."

"पट्ट्यांची चूक तुम्ही छापली होती."

"टिपण म्हणून छापतो," दिघे म्हणाले.

अंक आला त्या दुपारी बाई डोहावर गेल्या. कपारी रिकाम्या होत्या. एक टोकी पाण्यावर पडलेल्या पानाभोवती गोल फिरत होता. का, ते बाईंना कळेना. तो एका जागी थांबत नव्हता, त्यामुळे पट्टेही मोजता आले नाहीत. उन्हं उतरेपर्यंत त्या बघत बसल्या. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून त्यांनी रेहानाला फोन लावला.

"खरंच, मॅडम?" रेहाना म्हणाली. "पानाभोवती?"

"हो. तू येतेस का बघायला?"

"यायला आवडलं असतं. पण मी आता इथे रमलेय. उद्या पहाटे ओहोटीला खाडीत उतरायचंय."

"मग झोप लवकर," बाई म्हणाल्या.

त्या टिपणाचा उल्लेख मात्र सगळीकडे होऊ लागला. गवाणकरांना हे माहीत नाही, असं म्हणूनच प्रत्येक नवा निबंध सुरू होई. दूरदूरच्या विद्यापीठांतून लोक कुंभारणीवर येऊ लागले. टोकीला पट्टे किती यावर दोन तट पडले आणि एक परिषदही झाली. परिषदेचं आमंत्रण बाईंना कॉलेजच्या पत्त्यावर गेलं. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या.

एका रविवारी त्या कातळावर बसल्या असताना चार-पाच मुलंमुली जाळी आणि बादल्या घेऊन आली.

"आजी, जरा पलीकडे बसता का?" एक मुलगी अदबीनं म्हणाली. "आम्हाला इथून निरीक्षण करायचंय."

"बसते की."

"तुम्ही इथल्याच ना? या माशाबद्दल काही सांगू शकाल?"

"नाही गं," बाई म्हणाल्या आणि पलीकडच्या दगडावर जाऊन बसल्या. तिथून पाण्यावरचं ऊन डोळ्यांवर येत होतं. मासे दिसत नव्हते, मुलांचं बोलणं मात्र ऐकू येत होतं.