लिंडसेचा तंतोतंत अंदाज

मंगळवारी हेदरच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. म्हणजे या हिवाळ्यातलं तिचं स्कीइंग एकदाच, आणि तेही त्याआधीच व्हायचं होतं. कुठे आणि कधी, हे ठरवायचं काम तिच्या नवऱ्यानं, लिंडसेनं, अंगावर घेतलं. (कोणी दिलं नव्हतं.)

दक्षिणेकडून वादळ येत होतं. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर हवामानाचे नकाशे पसरलेले. ताट ठेवायचं तर आधी वाऱ्याची दिशा सरकवावी लागे.

"शुक्रवारीच जाऊन येऊ या की," हेदर म्हणाली.

"वादळाच्या तोंडात? अगं, शनिवारी ते बरसू दे. रविवारी दहाला ढग फाटणार. मेथव्हेन गावाच्या वरचा डोंगर, गुडघाभर ताजा बर्फ!"

"गुडघ्याचं नाव काढू नकोस. आणि चाकांच्या साखळ्या एकदा अंगणात लावून बघ, बर्फात गाडी घसरायला नको."

"वीस वर्षं लावतोय मी!"

रविवारी घाटाच्या पायथ्याशी फाटक लागलं. साखळ्यांशिवाय वर सोडत नव्हते. लिंडसे ऐटीत बर्फात बसला. साखळी चाकाला पुरेना. ओढली, फिरवली, शिव्या घातल्या, वीतभर कमीच. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. साखळ्या जुन्या गाडीच्या होत्या. ती गाडी त्यानं मार्चमध्येच शेजारच्या रावीरीला विकली होती आणि साखळ्या घरीच ठेवल्या होत्या. (त्या द्यायचं बोलणं कुठे झालं होतं?)

हेदरनं गाडीची काच वर केली. तिनं चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मागे ओळखीचा हॉर्न वाजला. जुनी गाडी! आत रावीरी, त्याची बायको आणि दोन मुली.

"लिंडसे, जास्तीच्या साखळ्या आहेत का रे? सकाळी उठलो आणि निघालो, काही ठरवलंच नव्हतं."

लिंडसेनं साखळ्यांकडे पाहिलं, मग हेदरकडे.

"गाडीत जागा आहे?"

"एकाची."

सहा मिनिटांत त्यानं स्वतःच्या हातांनी साखळ्या चढवल्या. हेदर मुलींच्या शेजारी दाटीवाटीनं बसली आणि गाडी वळणाआड गेली.

बरोबर दहाला ढग फाटले. लिंडसेनं ते फाटकापाशी बसून, सँडविच खात पाहिलं. (हेदरचंही त्यानंच खाल्लं.)

चारला ती परतली. नाक लाल, चेहरा फुललेला.

"तुझा अंदाज अगदी तंतोतंत हं!"

लिंडसेची छाती फुगली.

"आणि ती गाडी काय मस्त चढते रे! विकलीस कशाला?"