ऐकणाऱ्याची सही

संगीत ही फार नाजूक कला आहे आणि तिला सर्वांत मोठा धोका वाजवणाऱ्यांकडून असतो. हे सत्य ज्यांना वेळीच उमगलं अशा मोजक्या लोकांपैकी एक म्हणजे लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत व्हायोलिनचा खासगी वर्ग चालवणारे सर. गेल्या नऊ वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने एकही सूर चुकीचा वाजवलेला नाही. (ही आकडेवारी कुणीही येऊन तपासावी. वर्ग चालू असताना खालच्या इस्त्रीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.)

या वर्गात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे घड्याळजी आले ते वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि हौस म्हणून नव्हे. त्यांची थोरली बहीण, ताई, त्यांच्याकडेच राहायची. दोघांची आई कपड्यांना बटणं लावताना एक चाल गुणगुणायची. ताईला त्या चालीचा पहिला अर्धा भाग आठवायचा. पुढे तिची गाडी अडायची, ती दोनदा हं हं करायची आणि गप्प बसायची. उरलेला अर्धा घड्याळजींच्या डोक्यात शाबूत होता, पण बाहेर यायला वाट नव्हती. गळा म्हणाल तर तेल न घातलेली बिजागरी, आणि शीळ घालावी तर पुढचे दोन दात पडलेले. कपाटावर मात्र मामांचं व्हायोलिन होतं.

घाई होती ती ताईच्या कानांची. दुकानामागेच घर, आणि भिंतीवर टोले देणारी अकरा घड्याळं. दुपारी बाराला ती मागेपुढे वाजत आणि ताई वर्षानुवर्षं कुरकुरायची, "अकरा घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ." एका दुपारी ती म्हणाली, "आज नऊच वाजली. दोन बंद पडलीत बघ." घड्याळजींनी अकराही उघडून पाहिली. सगळी ठणठणीत होती. कानाच्या डॉक्टरांनी ताईला तपासून सांगितलं की दीड वर्ष, फार तर दोन, त्यानंतर कानाच्या यंत्राचाही उपयोग नाही. त्याच आठवड्यात घड्याळजींनी कपाटावरून व्हायोलिन खाली काढलं.

"शिकायचंय की वाजवायचंय?" सरांनी पहिल्या भेटीत विचारलं.

"एकच चाल वाजवायची आहे."

"म्हणजे वाजवायचंय," सर म्हणाले आणि डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो बघून हलवावी तशी मान हलवली. "असू दे. जाईल सवय."

वर्गाचा अभ्यासक्रम भिंतीवर टांगलेला होता आणि तो वाचून कुणाच्याही मनात आदर उत्पन्न व्हावा. पहिली पायरी, उभं राहणं. मुदत चार महिने. डावा पाय, उजवा पाय आणि दोन्ही पाय अशा तीन स्वतंत्र परीक्षा. दुसरी पायरी, व्हायोलिनची पेटी उघडणं आणि बंद करणं. (उघडण्यात नापास झालेल्यास बंद करण्याच्या परीक्षेला बसता येत नाही; त्यामुळे दोन विद्यार्थ्यांच्या पेट्या गेली काही वर्षं अर्धवट उघड्या आहेत.) तिसरी पायरी, गजाला राळ लावणं. चौथी पायरी हवेतलं वादन, म्हणजे गज तारांपासून बरोबर एक बोट वर ठेवून चालवणं. पाचवी पायरी, ध्वनी. या पायरीचा तपशील छापायचा राहून गेला होता, पण नऊ वर्षांत कुणी मागितलाही नव्हता.

सर स्वतः वाजवत नसत. पोहायला शिकवणारा काठावर उभा असतो, असं ते सांगत, आणि त्यांचे कपडे खरोखरच नेहमी कोरडे असत.

आता घड्याळजींसारखा शहाणासुरता माणूस या सगळ्याला मान का डोलावतो, असं कुणी विचारेल. त्याचं कारण त्यांच्या धंद्यात होतं. बंद पडलेलं घड्याळ लोक दुरुस्तीला आणतात. पाच मिनिटं मागे पडणारं घड्याळ मात्र जन्मभर तसंच वापरतात. तेव्हा चुकीचं चालण्यापेक्षा बंद बरं, असं घड्याळजींचं तीस वर्षांचं मत होतं, आणि तेच मत सरांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. शेजारच्या बेकरीवाल्याने त्यांना वाचवायचा एक प्रयत्न केला.

"पलीकडच्या गल्लीत एक बाई शिकवतात," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी हातात देतात आणि म्हणतात, वाजव. माझी मुलगी दोन महिन्यांत चार चाली वाजवते."

"कशा वाजवते?"

"वाईट," बेकरीवाला अभिमानाने म्हणाला.

घड्याळजींना त्याची कीव आली.

वर्गाचा खरा आत्मा मात्र सरावाची वही. तीत रोज तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, पायरी आणि शेवटच्या रकान्यात ऐकणाऱ्याची सही. सही नसेल तर तो दिवस बाद. घड्याळजींची वही वर्गात आदर्श म्हणून फिरे, कारण इतर जण 'अंदाजे अर्धा तास' लिहीत तिथे ते 'एकतीस मिनिटं अठरा सेकंद' लिहीत. ताई रोज संध्याकाळी खुर्ची ओढून समोर बसायची, भावाचं उभं राहणं लक्ष देऊन ऐकायची आणि सही करायची. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, "अरे, पण वाजवणार कधी?" "पाया चाललाय, ताई," ते म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. लहानपणापासून या भावाला पाया खणायची खोड आणि तिला वाट बघायची.

उभं राहणं उत्तीर्ण झालं तेव्हा दुपारी बाराला ताईच्या मोजणीत आठ घड्याळं वाजत होती. पेटी बंद करण्यात पहिला नंबर आला तेव्हा सहा. राळ संपता संपता चार उरली. घड्याळजींनी हे आकडेही वहीत लिहायला घेतले होते, पण त्यासाठी रकाना नाही म्हणून सरांनी ते खोडायला लावले.

मग वर्गाचा वार्षिक कार्यक्रम झाला. अकरा विद्यार्थी रांगेत उभे राहिले, अकरा गज तारांपासून एक बोट वर पाऊण तास चालले. पालकांनी डोळे मिटून माना डोलावल्या. एका गृहस्थाने मध्येच शिंक दिली, तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा उठून बाहेर गेला. कार्यक्रम संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी येताना ताई खूश होती.

"किती दिवसांनी," ती म्हणाली, "मला सगळं इतरांएवढंच ऐकू आलं."

 दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी त्वरित ध्वनी-परवानगीचा अर्ज केला. कारणाच्या जागी 'बहिणीला ऐकू येणं बंद होत आहे' असं सरळ लिहिलं आणि समोर उभे राहिले, दोन्ही पायांवर, प्रथम श्रेणीत.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. "मग घाई कशाला?" ते अगदी मायेने म्हणाले. "तुमच्या चुका ऐकू जाण्याचा धोका दर महिन्याला कमीच होतोय की."

यात तर्काची चूक काढायचा घड्याळजींनी जिना उतरेपर्यंत प्रयत्न केला. सापडली नाही. ते घरी गेले आणि सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद हवेत वाजवलं.

तरीही ते दर आठवड्याला अर्ज करत राहिले आणि विसाव्या महिन्यात, वर्गाच्या इतिहासात प्रथमच, परवानगी मिळाली. एक चाल, एकदा, दारं-खिडक्या लावून. आदल्या दिवशी बाराला ताईने एकच घड्याळ मोजलं होतं, कोपऱ्यातलं मोठं, लंबकाचं. परवानगीच्या दिवशी मात्र कागद घ्यायला घड्याळजी वर्गात गेले होते, म्हणून बाराला ते घरी नव्हते. चार वाजता ते धापा टाकत आले. ताई खुर्ची ओढून समोर बसली. त्यांनी पेटी उघडली (निर्दोष), राळ लावली (निर्दोष), उभे राहिले आणि वीस महिन्यांत पहिल्यांदा गज एक बोट खाली आणला.

वाईट वाजलं. दार करकरावं तसं वाजलं. पण आईची चाल होती, आणि अडायची ती जागा ओलांडून पुढचा अर्धा भागही आला, वाकडातिकडा का होईना, शेवटपर्यंत आला. घड्याळजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाहेर रस्त्यावर बेकरीवाला टोपली घेऊन थबकला होता, तो खिडकीच्या काचेतून दिसत होता आणि हसत होता.

ताईने नेहमीसारखा हात पुढे केला. "झाला सराव? आण, सही करते."

तिने सही केली, टोपण लावलं आणि म्हणाली, "आणि ते मोठं घड्याळ बघ रे. आज बारा वाजलेच नाहीत."

घड्याळजींनी हत्यारांचा डबा आणला, चालतं घड्याळ उघडलं आणि ताई बघत होती तोवर ते दुरुस्त करत बसले.

सरांनी वही तपासून त्या दिवसापुढे 'प्रगती समाधानकारक, तक्रार नाही' असा शेरा मारला. घड्याळजींनी पानं उलटून मागच्या सहाशे सह्या पाहिल्या आणि वही तिथेच टेबलावर ठेवून जिना उतरले. सरांना वाईट वाटलं नाही. त्यांच्याकडे जागा कधी रिकामी राहत नाही. ज्यांच्या कपाटावर काहीतरी पडून आहे अशी, आधी नीट तयारी करून मग सुरू करणारी माणसं भरपूर आहेत, आणि त्यांनी तयारी म्हणून काही वाचलं तर तो वेळही सर सरावात धरतात. तुमची सात मिनिटं झाली आहेत. तारीख घाला, आणि ज्यांच्यासाठी वाजवायचं होतं त्यांची सही घेऊन या. सही तेवढी ते अजून करतील.