अर्धं इथे, अर्धं तिथे

घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला की नवऱ्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. विमा कार्यालयातून आल्यावर बूटही न काढता तो बटण दाबायचा आणि पडद्याकडे डोळे वटारून उभा राहायचा. शेवटी वैतागून त्याने दोन नव्या डिस्क आणल्या. त्या जोडायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर ठेवायचा. एक गेली तरी दुसरी शाबूत. दुसरी म्हणजे प्रत्येक फाइलचे तुकडे करून अर्धे इथे, अर्धे तिथे ठेवायचे. वेग जवळजवळ दुप्पट.

"आणि त्यातली एक बिघडली तर?" बायकोने विचारलं. ती भाषांतरकार. एका जाडजूड चरित्राचं भाषांतर वर्षभर याच कॉम्प्युटरवर चाललं होतं.

"नवी कोरी डिस्क कशाला बिघडतेय?" असं म्हणून त्याने वेग निवडला. बायको पुन्हा आपल्या पानांकडे वळली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

महिनाभर कॉम्प्युटर सुसाट चालला. भाषांतर प्रकाशकाकडे पाठवायच्या दिवशी बायको दाताच्या डॉक्टरकडे गेली. आल्यावर पाठवणार होती. तेवढ्यात कार्यालयातून आलेल्या नवऱ्याने सवयीने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'एक डिस्क सापडत नाही.' खाली प्रश्न होता, 'नव्याने मांडणी करायची का?' शहाण्या माणसाने इथे हात मागे घेतला असता. पण थांबणं याच्या स्वभावात असतं तर त्याने डिस्क आणल्याच नसत्या. त्याने 'हो' दाबलं, आणि कॉम्प्युटरने हाताशी असलेली डिस्क डोळ्यांदेखत साफ पुसून टाकली.

"झाला का चालू?" दारातून त्याच्या वडिलांनी विचारलं. "एकीची वायर मी काढून ठेवलीय."

"कसली वायर?"

"डिस्कची. दोन्ही एकदम राबवत होतास. आमच्या पंपहाऊसमध्ये पंप दोन असायचे. एक चालायचा, दुसरा थंड व्हायचा. दोन्ही सतत चालवले असते तर साहेबाने मला घरी बसवलं असतं."

"बाबा, हे पंप नाहीत."

"तापतात तर खरे. हात लावून बघितलं मी. तू झाकण उघडंच टाकून गेला होतास."

त्याने वायर परत जोडली. काही उपयोग झाला नाही.

"अर्धं तर राहिलंय ना?" वडील धीर देत म्हणाले. "तेवढं आज पाठव. उरलेलं सावकाश."

"अर्धं पुस्तक नाही राहिलं, बाबा. प्रत्येक पानाचे अर्धे तुकडे राहिलेत."

मग त्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. "दोन्हींवर तोच मजकूर ठेवला असतात," तो म्हणाला, "तर वडिलांनी वायर काढली तरी काम अडलं नसतं. बरं, आता आणखी कशाला हात लावू नका."

बायको आली ती सुजलेला गाल धरून. नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर ती या खुर्चीत पाठ दुखेपर्यंत बसली होती, आणि त्याने एका बटणात सगळ्यावर पाणी ओतलं होतं. त्याने वडिलांवर न ढकलता सगळं सांगून टाकलं.

तिने शांतपणे पर्समधून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "पूर्ण भाषांतर आहे यात. काम संपलं की रोज यात उतरवून घेते."

"कधीपासून?"

"तुम्ही डिस्क आणल्यात त्या दिवसापासून."

त्याचा जीव भांड्यात पडला. पण पडल्या पडल्या त्याला थोडा रागही आला. "मग मला सांगायचंस तरी. माझा जीव जायची वेळ आली होती इथे."

"सांगितलं असतं," बधिर तोंडाने ती कशीबशी म्हणाली, "तर हा फार हळू चालतो म्हणून तुम्ही हाही उघडून बसला असतात."