जगनभाऊंची राखीव माणसं

जगनभाऊ म्हात्रे माणसांना नावाने ओळखत नाहीत, रक्तगटाने ओळखतात. आचोळ्यातल्या आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की सेक्रेटरी भाडेकरार मागतात आणि जगनभाऊ गट मागतात. आमच्या ह्यांना ते जिन्यातूनच हाक मारतात, "ओ पॉझिटिव्ह, हायत का घरी?" तळमजल्यावरचे दळवीआजोबा वारले तेव्हा जगनभाऊ स्मशानातून परत आले आणि दाराशी उभं राहून गंभीरपणे म्हणाले, "चांगला बी पॉझिटिव्ह गेला." त्यांच्या परीने ती श्रद्धांजलीच होती, पण दळवीआजींनी पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरची नवी सून एबी निगेटिव्ह निघाली, तेव्हा तर त्यांना घबाड मिळाल्यासारखं झालं. त्यांच्या पापडीच्या वाडीतली केळी तिच्या घरी जाऊ लागली. तिने एकदा गॅसचा सिलिंडर सरकवला, तर बोलणी नवऱ्याला बसली.

त्यांची सगळी नोकरी घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली. वसईत पाचूबंदरपासून पापडीपर्यंत असं घर नसेल, की ज्याच्या मीटरखाली ते मान वर करून उभे राहिले नाहीत. आकडा लिहिता लिहिता घरच्यांचे गट विचारायची खोड कधी लागली, हे त्यांचं त्यांनाच आठवत नाही. लग्न केलं नाही. आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर एकटेच राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. वर जाताना प्रत्येक मजल्यावर थांबून एकेका दारात पाच-पाच मिनिटं चौकशा करतात. मी त्याला चोंबडेपणा म्हणायची. घरात आले तर बसायचे नाहीत, चहासुद्धा उभ्यानेच. तेवढ्यात फोन वाजायचा, कोणाच्या तरी बाळंतपणात नाहीतर अपघातात रक्त लागायचं आणि जगनभाऊ अर्ध्या कपावर निघायचे. जाताना पालुपद ठरलेलं, "मान्सं तयार हायत."

मी गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. मला मात्र ते गटाने हाक न मारता 'बाई' म्हणतात. एवढा मान मला ह्या घरातही नाही.

गेल्या वर्षी माझ्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन करायचं ठरलं आणि आमच्या ह्यांच्या आधी जगनभाऊ कामाला लागले. मुंबईच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं गेलो, तर तिसरे हे. सर्जन म्हणजे माझ्या हाताखालून गेली असती अशा वयाची मुलगी. जगनभाऊंनी तिला माझा आजार विचारलाच नाही. एकदम म्हणाले, "किती बाटल्या? सा मान्सं तयार हायत."

ती म्हणाली, बहुतेक एकही लागणार नाही.

जगनभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तिने मला वाऱ्यावर सोडलं. मग तिने समजावून सांगितलं. माझं हिमोग्लोबिन नऊ होतं, म्हणून आधी शिरेतून लोह देऊन ते वाढवायचं आणि काही आठवडे थांबून मगच ऑपरेशन. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून औषध. तरी जे सांडेल ते यंत्राने गोळा करायचं, धुवायचं आणि पुन्हा माझ्याच अंगात घालायचं. दुसऱ्याचं रक्त जीव वाचवतं हे खरं, पण गरज नसताना का घ्या, असं तिचं म्हणणं.

"धुवायचं?" जगनभाऊ म्हणाले. "रक्त काय चादर हाय?"

 दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईची लोखंडी कढई आमच्या ओट्यावर येऊन पडली. लोखंडच वाढवायचं तर मग घरचंच काय वाईट! महिनाभर आमच्याकडे पोहेसुद्धा काळे व्हायचे. जेवणावर चहा घेतला की लोह अंगी लागत नाही हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं, आणि दुपारी माझ्या कपावर पाळत सुरू झाली. वर्गातल्या मुलांनीही माझा इतका छळ केला नव्हता. पण हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. ते शिरेतल्या लोहाने गेलं हे मला माहीत आहे. त्यांना ते मी अजून सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी पाचूबंदरचा जोसेफ आणि त्याच्या बोटीवरचे पाच जण समुद्रावर न जाता पहाटेच हॉस्पिटलात हजर झाले. जगनभाऊंनी कोणाचंच ऐकलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं ते असं, की चार तास जगनभाऊ थिएटरच्या दारापासून रक्तपेढीच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते आणि मधूनमधून जोसेफच्या दंडाकडे बघत होते. शेवटी डॉक्टर बाहेर आली. सगळं नीट झालं होतं आणि बाहेरचं एक थेंबही रक्त लागलं नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जगनभाऊ जोसेफला म्हणाले, "आता ह्यांना घरी कसं पाठवू?" अखेर त्या सहाही जणांनी पेढीत दुसऱ्या कोणासाठी तरी रक्त दिलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला.

पुढे वॉर्डात त्यांनी नवीनच कामगिरी अंगावर घेतली. तपासणीसाठी उगाच सारखं रक्त काढायचं नाही, असं डॉक्टर बोलून गेली होती. झालं. लॅबची मुलगी सुई घेऊन आली की हे कॉटच्या आडवे. कालचं घेतलेलं उरलं असेल, ते वापरा म्हणायचे. तिने लहान मुलांची छोटी नळी दाखवली तरच बाजूला सरायचे. ती बिचारी मला खुणेने विचारायची, हे तुमचे कोण? मीही खुणेनेच सांगायची, की ते मलाही ठाऊक नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात जगनभाऊ दुपारचे आले. ह्यांना वाण्याकडे पाठवलं, दार लोटलं आणि खिशातून एक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यांच्याच हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, तीन वर्षांपूर्वीचा. झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन लागेल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.

"ते धुवायचं यंत्र," ते म्हणाले, "माझ्यासाठीपन चालेल का? कोनाला न सांगता होत असेल, तर करू म्हनतो."

मला संतापच आला. तीन वर्षं हा माणूस प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबत होता आणि मी, गणिताची बाई, त्याला चोंबडेपणा म्हणत होते. संताप त्यांच्यापेक्षा माझ्यावरच जास्त होता.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना त्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ती त्यांना रागावली, आणि महिन्याभरात ऑपरेशन झालंच पाहिजे म्हणाली. रक्त बहुधा लागणार नाही, पण शब्द देता येत नाही, चार माणसं राखीव ठेवा. जगनभाऊंनी मान डोलावली, रिपोर्टची घडी घातली आणि खाली येताच दिवाळीनंतर बघू म्हणाले.

मी त्यांना औषधांच्या दुकानासमोर थांबवलं. अर्ध्या वसईची माणसं ज्याच्या एका फोनवर येतात, त्याला चार माणसं जड व्हावीत?

"दुसऱ्यासाठी तोंड उघडतं, बाई. सोतासाठी कसं मागू?" मग त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मागितलं आनि कोन आलंच नाय तर?"

 मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि जोसेफला लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणजे त्यांनाही ऐकू जावं. जगनभाऊंच्या ऑपरेशनसाठी चार माणसं राखीव हवीत, एवढंच सांगितलं.

पलीकडे बंदरावर मासळीच्या लिलावाची गडबड चालली होती. त्यातूनच जोसेफ ओरडला, "जगनभाऊंसाठी चारच? मंग बाकीच्यांना काय सांगू?"

जगनभाऊ दुकानाच्या पाटीकडे तोंड करून उभे राहिले आणि ती पाटी पुन्हापुन्हा वाचत राहिले. मीही त्यांना घाई केली नाही.