पांढरा रस्सा तपासणीला

बायकोने दूध सोडलं, त्याच संध्याकाळी मेहुणीसमोर "मग मीही सोडलं!" असं म्हणायची स्टोअरकीपर साहेबांना काही एक गरज नव्हती. पण म्हणून बसले. आणि नुसतं दूध नाही, तर दही, तूप, लोणी, मध, अंडी, सगळंच. (मेहुणीने टाळ्या वाजवल्या. बायको नुसती बघत राहिली.) साहेब शब्दाचे पक्के. सुटकेसमध्ये मोज्यांखाली दूध पावडरीची एक बरणी असायची, एवढंच.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघं समुद्र बघायला निघाली, तीही लांबच्या, बारा महिने घाम काढणाऱ्या एका बेटावर. हौस बायकोची, लग्नाच्याही आधीपासूनची. तिला धास्ती एकच.

"अहो, तिथे मी खाणार काय?"

"ते माझ्यावर सोड. अठ्ठावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळतोय. नमुना तपासल्याशिवाय खिळासुद्धा आत घेतलेला नाही मी. दुधाचा थेंब असेल तर जिभेला लागताच सांगेन."

पहिल्याच खानावळीत भात आला आणि पांढराशुभ्र, दाट रस्सा. बायकोने हात पुढे केला, तोच साहेबांनी ताट आपल्याकडे ओढलं. एक चमचा चाखला, डोळे मिटले, दुसरा चाखला.

"दूध! मलईसुद्धा आहे. रिजेक्ट."

"वाढणाऱ्याला विचारा ना एकदा."

"माल देणाऱ्याला विचारून कधी माल तपासतात का? तो चांगलंच सांगणार."

आता रिजेक्ट झालेला माल परत कुठे पाठवणार? अन्न टाकवत नाही, म्हणून साहेबांनी तो जड अंतःकरणाने संपवला. (अंतःकरण जड होतं की पोट, हे सांगणं कठीण.) बायकोने दोन केळी खाल्ली.

रात्री पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा तेच. भोपळा पांढऱ्या रश्श्यात, वांगी पांढऱ्या रश्श्यात, खीर तर पांढरीच. साहेब तपासत गेले, पट्टा एकेक भोक सैल होत गेला. बायको मात्र केळ्यांवर. लाटांपुढे उभं राहायचं सोडून ती खोलीत पडून राहायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती हळूच म्हणाली, "अहो, संध्याकाळच्या बोटीने परत जाऊ या. समुद्र बघून झाला माझा."

पंचवीस वर्षांत या बाईने मागितलं काय, तर एवढंच. आणि आपण तिचा समुद्र खाऊन बसलो! साहेबांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

"दुपारपर्यंत थांब," ते म्हणाले. "पोटभर गरम जेवण मिळालं नाही तर मीच बोटीची तिकिटं काढतो."

दुपारी पाचव्या खानावळीत ताट आलं. पांढरं. साहेबांचा चमचा अर्ध्या वाटेवर होता, तेवढ्यात बायको उठली आणि तरातरा थेट स्वयंपाकघरात शिरली.

साहेब मागे धावले. खानावळवाली बाई जमिनीवर बसून खोबरं किसत होती. किसलेलं फडक्यात घेऊन तिने पिळलं आणि पातेल्यात पांढरीशुभ्र धार पडली.

"यात दूध घालता का हो?" बायकोने विचारलं.

"दूध?" खानावळवाली हसायलाच लागली. "कुठलं दूध, ताई? या बेटावर गायच नाही! सगळं नारळाचं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. नारळाची झाडं होती. तीन दिवस ते त्यांच्याच सावलीत बसून ढेकर देत होते.

"म्हणजे तुम्ही तीन दिवस अगदी कडक पाळलंत," बायको म्हणाली. "फक्त माझ्या वाटणीचंसुद्धा जेवून."

साहेबांना भरून आलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अगं, चुकलं माझं. अजून एक सांगायचंय. सुटकेसमध्ये, मोज्यांखाली..."

"बरणी ना? तिच्यात निघायच्या आदल्या दिवशी मी सोयाबीनची पावडर भरली. रोज सकाळी बाथरूमला कडी लावून पिताय. आज मिशीला फेस लावून बाहेर आलात आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ज्याला हे कळत नाही, त्याच्या जिभेच्या भरवशावर मी उपाशी राहिलेय!"

आणि ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिकिटांचं नाव पुन्हा निघालं नाही.

खानावळवालीने दोघांना वाफाळती ताटं वाढली. साहेबांनी सवयीने चमचा उचलला.

"थांबा," बायको म्हणाली, "आज तपासणी माझ्याकडे."

तिने आपलं ताट शेवटच्या शितापर्यंत तपासलं. मग त्यांचं ओढलं आणि तेही तपासलं.

साहेबांनी दोन केळी खाल्ली.